जाऊबाईंना ‘बिज्वेल्ड’ म्हटलं, त्यात चुकलं काय?

पत्र

सप्रेम नमस्कार. माझी अडचण ऐकून तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरात गेले बारा दिवस कुणी हसलेलं नाही. घरच्या एका समारंभाचे फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. थोरल्या जाऊबाई त्या दिवशी इतक्या छान दिसत होत्या, की त्यांच्या फोटोखाली मी हौसेनं इंग्रजीत लिहिलं, ‘अवर बिज्वेल्ड क्वीन’. अगदी मनापासून. शब्दकोश बघूनच लिहिलं होतं. तिथं ‘रत्नजडित’ असा अर्थ दिलेला आहे. पण जाऊबाईंच्या भाचीनं (तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय) त्यांना सांगितलं, “मावशी, याचा अर्थ दागिन्यांचं दुकान अंगावर चढवलेली बाई!” तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. भाचीबाई स्वतः त्या दिवशी खडे चिकटवलेल्या सँडल घालून मिरवत होत्या, ते राहू द्या. मला एवढंच सांगा, रत्नजडित हा चांगला शब्द आहे ना? मग त्याचाच इंग्रजी शब्द वाईट कसा? आणि विचारतेच आहे तर हेही सांगून टाका, की स्पेलिंगमध्ये ‘एल’ एक की दोन? मी एकच लिहिला होता, मोबाईलवरच्या ‘बिज्वेल्ड’ नावाच्या खड्यांच्या खेळात तसाच आहे. शिवाय नुसतं ‘ज्वेल्ड’ लिहिलं असतं तर चाललं असतं का?
– एक धाकटी जाऊ

उत्तर

धाकट्या जाऊबाई, नमस्कार.

हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण ते तुमच्या मथळ्याचं नाही, भाचीबाईंच्या सँडलचं. त्या सँडलकडे शेवटी येऊ.

आधी निकाल सांगते. तुम्ही वाईट काही लिहिलेलं नाही. भाचीनं सांगितलेला अर्थ मात्र हवेतून काढलेला नाही. त्यात चार आणे खरं आहे. उरलेले बारा आणे तिनं पदरचे घातले. खरा घोटाळा केला तो तुमच्या शब्दकोशानं. ‘रत्नजडित’ एवढं एकच प्रतिशब्द देऊन तो मोकळा झाला, आणि अर्धी गोष्ट सांगायची राहिली.

‘रत्नजडित वहिनी’ असं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. कसंतरीच वाटतं ना? रत्नजडित मुकुट असतो, खंजीर असतो, सिंहासन असतं, अत्तरदाणी असते. माणूस रत्नजडित नसतो. मराठीत जडवायचं म्हणजे कोंदण लागतं. त्या कोंदणात खडा बसवून कडा दाबायच्या, की तो कायमचा बसला. म्हणून तर सवय जडते, व्यसन जडतं, रोग जडतो, प्रीत जडते. एकदा जडलं की सहजी सुटत नाही. दागिने माणूस रात्री काढून डब्यात ठेवतो. त्यामुळे आपली भाषा ‘रत्नजडित’ हे विशेषण वस्तूलाच लावते, माणसाला नाही. (रत्नखचितचंही तसंच. त्यातल्या ‘खचित’चा ‘नक्की’ या अर्थाच्या खचितशी घोटाळा करू नका. एका वाचकानं ‘रत्नखचित’ म्हणजे ‘नक्कीच रत्न’ असा अर्थ लावल्याचं मला आठवतं. मला तो अजून आवडतो.)

इंग्रजीतला ‘बिज्वेल्ड’ मात्र दोन्हीकडे चालतो, वस्तूलाही आणि माणसालाही. गंमत अशी, की दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. वस्तू बिज्वेल्ड असेल तर तिच्यावर खडे, हिरे, मोती असं काहीतरी बसवलेलं असायलाच हवं. नुसत्या सोन्याचा, एकही खडा नसलेला पेला बिज्वेल्ड नव्हे. माणूस बिज्वेल्ड असेल तर खड्यांची अट सुटते आणि वेगळीच अट लागू होते. दागिने भरपूर हवेत. कानात दोन हिऱ्यांच्या कुड्या, बाकी काही नाही, अशा बाईला कुणी बिज्वेल्ड म्हणणार नाही, मग ते हिरे कितीही मोलाचे असोत. उलट गळाभर, हातभर सोनं आणि नावाला एकही रत्न नाही, ती बाई खुशाल बिज्वेल्ड. म्हणजे जाऊबाईंच्या बाबतीत तुम्ही ‘रत्नजडित’ लिहायला गेलात आणि लिहिलं गेलं ‘दागिन्यांनी मढलेली’. मराठीत हाच शब्द माणसासाठी शोधायचा तर मढलेली, नटलेली, लगडलेली, सालंकृत, अलंकारांनी नखशिखान्त सजलेली असे कितीतरी सापडतील. आता यांतला प्रत्येक शब्द जाऊबाईंच्या तोंडावर म्हणून बघा आणि त्यांचा चेहरा आठवा. ‘सालंकृत’ला त्या पदर सावरून हसतील. ‘लगडलेली’ला? फळांनी झाड लगडतं तेव्हा ते सुंदर दिसतं, पण बाई लगडली की बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा संशय येतो. बिज्वेल्ड या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभा आहे, आणि वाक्य जिकडे ढकलेल तिकडे सरकतो.

हा ‘भरपूर’ कुठून आला, ते बघण्यासारखं आहे. तो ‘ज्वेल’मधून आलेला नाही; आधी लागलेल्या ‘बि’मधून आलाय. हा जुन्या इंग्रजीतला उपसर्ग. मूळ अर्थ ‘सभोवार, चहूकडून’. शहराला चहूकडून वेढा घातला की ते ‘बिसीज्ड’ होतं. पुढे त्यातूनच ‘सगळीकडून झाकणं, माखणं’ असा अर्थ तयार झाला. दवानं भिजवणं ते ‘बिड्यू’, धुक्यानं झाकणं ते ‘बिफॉग’, रत्नांनी मढवणं ते ‘बिज्वेल’. म्हणजे हे मुळात क्रियापद. ‘बिज्वेल्ड’ हे त्याचं झालेल्या क्रियेचं रूप, विशेषण म्हणून वापरलेलं, जसं आपण मढवणं या क्रियापदापासून मढवलेला म्हणतो. (हाच उपसर्ग एका ठिकाणी अगदी उलटं वागतो. ‘बिहेड’ म्हणजे डोक्यानं मढवणं नव्हे, डोकं उडवणं. एकाला रत्नं द्यायची, दुसऱ्याचं मुंडकं घ्यायचं, आणि दोन्ही कामं त्याच दोन अक्षरांकडून करून घ्यायची. भाषेला लाज कसली.)

आता भाचीच्या चार आण्यांकडे येते. आधी ‘बि’ आणि शेवटी ‘ड’ असा साचा असलेले विशेषणांचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत, आणि त्यांतले माणसाला लागणारे पुष्कळसे थोडे मिस्कील आहेत. चष्मा लावणारा तो ‘बिस्पेक्टेकल्ड’, केसांचा टोप घालणारा ‘बिविग्ड’, कल्ले राखलेला ‘बिव्हिस्कर्ड’, रिबिनींनी सजवलेली ‘बिरिबन्ड’, छातीभर पदकं लावलेला सेनाधिकारी ‘बिमेडल्ड’. यांतली एकही शिवी नाही. पण असा शब्द आला, की लिहिणाऱ्याची एक भुवई किंचित वर गेल्यासारखी वाटते. माणूस दिसायच्या आधी त्याचा चष्मा दिसतो, पदकं दिसतात, टोप दिसतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एक प्रत्यय आहे, ‘आळ’. रसाळ, मधाळ, केसाळ, मिशाळ. चारही शब्दांत अर्थ तोच, ‘भरपूर असलेला’. पण वाणी रसाळ असली की कौतुक, हात केसाळ असले की नाक मुरडणं, आणि मिशाळ म्हटलं की चेहऱ्यावर हसू. प्रत्ययाला दोष देता येत नाही. कशाचं भरपूर आणि कुणाचं भरपूर, यावर सगळं ठरतं. बिज्वेल्डचं गणित असंच आहे. मुकुट बिज्वेल्ड म्हटला तर साधं वर्णन. मुकुटावर रत्नं असायचीच. हात बिज्वेल्ड म्हटला तर निम्मं वर्णन, निम्मी टीप. ‘एक बिज्वेल्ड हात खिडकीतून बाहेर आला’ असं कुणी कथेत लिहिलं, तर त्या हाताची मालकीण श्रीमंत आहे एवढंच नव्हे, तर तिला ते दिसायला हवं आहे, हेही वाचणाऱ्याला कळतं. आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बिज्वेल्ड म्हटला, की सरळ थट्टाच.

इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानात आणखी एक जुनी गोष्ट असते. भारतातल्या संस्थानिकांवर इंग्रजीत जे भाराभर लिहिलं गेलं, त्यात ‘बिज्वेल्ड महाराजा’ हा एक घासून गुळगुळीत झालेला नमुना आहे. तिथं हे विशेषण दागिन्यांविषयी कमी आणि बघणाऱ्याच्या नजरेविषयी जास्त सांगतं. दुरून, थोडं दिपून, थोडं नाक वर करून बघणारी ती नजर. भाचीनं शाळा-कॉलेजात असंच काही वाचलेलं असेल, तर तिच्या कानाला तो शब्द खटकला, यात मला नवल वाटत नाही. पण तुमच्या मथळ्यात पुढे-मागे काय होतं तेही तिनं बघायला हवं होतं. आधी ‘आमची’, नंतर ‘राणी’. आजची तरुण मुलं मैत्रिणीला ‘क्वीन’ म्हणतात ते निव्वळ कौतुकानं. दोन गोड शब्दांच्या मधे बसलेलं विशेषण कडू लागत नाही. तो मथळा मला कुणी आगापिछा न सांगता वाचायला दिला असता, तर मी तो लाडिक म्हटला असता. कुत्सित तर मुळीच नाही. खरोखर भडक, दिखाऊ म्हणायचं असतं तर इंग्रजीत त्याला ‘गॉडी’ आहे, ‘गॅरिश’ आहे, ‘ब्लिंगी’ आहे. ज्याला टोमणा मारायचाय तो बिज्वेल्डवर थांबत नाही.

तरीही पुढच्या वेळी फसगत होऊ नये, म्हणून एक खूण सांगते. बिज्वेल्ड हा बघणाऱ्याचा शब्द आहे, घडवणाऱ्याचा नाही. ज्याच्या हातात भिंग आणि चिमटा आहे तो हा शब्द सहसा वापरत नाही. ब्रिटिश राजघराण्याचा इम्पीरियल स्टेट क्राउन घ्या. तो 1937 साली सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी घडवला गेला. त्यावर 2,868 हिरे, 269 मोती, 17 नीलम आणि 11 पाचू आहेत. बातमीदार एका दमात ‘बिज्वेल्ड क्राउन’ लिहून पुढे जातो आणि त्यात काही चूक नाही. पण मुकुटाची नोंद करणारा तसं लिहीत नाही. तो ‘सेट विथ’ लिहितो आणि पुढे कुठला खडा, किती, कुठल्या पैलूंचा, चांदीच्या कोंदणात की सोन्याच्या, ते मांडतो. कारण या कामात सैल शब्द महागात पडतात. याच मुकुटाच्या समोरच्या बाजूला जो मोठा लाल खडा आहे, त्याला शतकानुशतकं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणत आले, आणि तो निघाला स्पिनेल, म्हणजे माणकासारखा दिसणारा वेगळाच खडा. नाव मात्र अजून माणिकच.

अशीच गोष्ट फाबर्जे या जवाहिऱ्याच्या शोभेच्या अंड्यांची. रशियाच्या झारसाठी घडवलेली ती अंडी म्हटली की ‘बिज्वेल्ड’ हा शब्द लेखणीला आपोआप चिकटतो. पण त्यांतलं पहिलं, 1885 सालचं, बाहेरून नुसतं पांढऱ्या मिन्याचं आहे. बघाल तर कोंबडीचं अंडंच वाटावं. सगळी करामत आत, सोन्याचा बलक आणि त्याच्या पोटात सोन्याची कोंबडी. बाहेर एकही रत्न नाही. त्याला सवयीनं बिज्वेल्ड म्हणणारा लेखक फोटोसुद्धा न बघता लिहितो, असं मी खुशाल समजते.

घडवणाऱ्यांच्या बाजूचे शब्द तुम्हाला उपयोगी पडतील. ‘सेट विथ’ म्हणजे कोंदणात बसवलेले. सर्वांत सुरक्षित, कुठेही चालतो. ‘स्टडेड’ म्हणजे जागोजागी, थोडं अंतर राखून बसवलेले. ‘स्टड’ म्हणजे मोठ्या डोक्याचा खिळा, जुन्या दरवाजांवर ठोकलेला असतो तसा. ‘इन्लेड’ म्हणजे पृष्ठभाग कोरून त्यात खडा असा बसवलेला, की वरून हात फिरवला तर सपाट लागावा. ताजमहालाच्या संगमरवरावरची फुलं इन्लेड आहेत, आणि त्यांना बिज्वेल्ड म्हटलं की कारागिरीतली सगळी खुबी हरवते. आणि ‘एन्क्रस्टेड’. हा शब्द जपून वापरा. त्यात ‘क्रस्ट’ आहे, म्हणजे वरचा टणक थर, खपली. हिऱ्यांचा थर चढलेलं घड्याळ एन्क्रस्टेड असतं, पण मिठाची पुटं चढलेला खडक आणि शिंपल्या चिकटलेला जहाजाचा तळसुद्धा एन्क्रस्टेडच असतो. माणसाला तर हा शब्द लावूच नका. जाऊबाईंच्या फोटोखाली तुम्ही तो लिहिला असता, तर मी भाचीची बाजू घेतली असती.

यातून व्यवहाराची एक गोष्टही निघते. ‘डायमंड-स्टडेड’ हा दावा आहे. हिरे नसतील तर विकणाऱ्याला जाब विचारता येतो. ‘बिज्वेल्ड’ हा दावा नाही. तो फक्त चकाकी सांगतो, खड्याची जात सांगत नाही. कपडे, पर्स, चपला यांच्या वर्णनात तो येतो तेव्हा बहुतेक वेळा काचेचे नाहीतर प्लास्टिकचे खडे असतात, आणि तरीही शब्द चुकीचा ठरत नाही. काचेच्या खड्यांनाही मोठी परंपरा आहे म्हणा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक श्ट्रास नावाचा कारागीर शिसं घातलेल्या काचेतून असे हिरे करायचा, की त्याचं आडनावच अशा खड्यांना युरोपातल्या अनेक भाषांमध्ये चिकटलं. तेव्हा खरेदी करताना विशेषण वाचून खूश होऊ नका. पुढे दगडाचं नाव लिहिलंय का ते बघा.

आता ‘ज्वेल्ड’. तुम्ही विचारलंत, नुसतं ज्वेल्ड चाललं असतं का. वस्तूला चालतं, मुकुट ज्वेल्ड म्हणा की बिज्वेल्ड म्हणा, फरक भराचा आहे. ज्वेल्ड म्हणजे रत्नं आहेत. बिज्वेल्ड म्हणजे रत्नं आहेत आणि डोळ्यांत भरतायत. माणसाला मात्र नुसतं ज्वेल्ड ओकंबोकं वाटतं. आणि काही ठिकाणी ज्वेल्ड हाच शब्द लागतो, बिज्वेल्ड केलं तर हसं होतं. ते मी स्वतः करून घेतलंय, म्हणून सांगते.

भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका इंग्रजी कथेत म्हातारा मरताना मुलाला आपलं ‘सेव्हन्टीन-ज्वेल्ड’ घड्याळ देतो. मी लिहून टाकलं, ‘सतरा रत्नं जडवलेलं घड्याळ’. पुढच्या पानावर तोच म्हातारा वाण्याची उधारी ठेवून मेलेला निघाला. एवढी रत्नं असताना उधारी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला तो संपादकांना. त्यांनी मला बोलावून आपल्या मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ दाखवलं. तबकडीवर बारीक अक्षरांत ‘17 ज्वेल्स’. ती रत्नं बाहेर नसतात, घड्याळाच्या पोटात असतात. चाकांचे आस जिथं फिरतात तिथं धातूवर धातू घासून झीज होते, म्हणून आसाची टोकं भोक पाडलेल्या माणकांत बसवतात. माणिक कठीण आणि गुळगुळीत, त्यामुळे घर्षण कमी. ही युक्ती जुनी आहे. 1704 साली निकोला फातियो या मूळच्या स्विस गणितज्ञानं दोन घड्याळजींबरोबर लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हेर्नेनं कृत्रिम माणकं बनवायची रीत 1902 साली जाहीर केली आणि ही ‘रत्नं’ कवडीमोल झाली. तर असं घड्याळ ज्वेल्ड. ज्याच्या तबकडीभोवती हिऱ्यांची रांग आहे ते बिज्वेल्ड. एका घड्याळाला दोन्ही विशेषणं लागू शकतात, पण दोन्ही वेगवेगळ्या जागेबद्दल बोलतात. एक पोटाबद्दल, एक चेहऱ्याबद्दल. माझ्या म्हाताऱ्याचं फक्त पोटाचं होतं.

प्राण्यांच्या नावांतही ज्वेल्डच येतं. न्यूझीलंडमध्ये ‘ज्वेल्ड गेको’ नावाची हिरवीगार पाल आहे, तिच्या पाठीवर शंकरपाळ्यासारखे पांढरे ठिपके असतात. तिला कुणी सजवलेलं नाही, ती तशीच जन्मते. ‘बि’ लागला की कुणीतरी सजवलंय असा वास येतो. निसर्गवर्णनात कवी मंडळी दवानं बिज्वेल्ड झालेलं गवत आणि ताऱ्यांनी बिज्वेल्ड झालेलं आकाश आणतात ते याच ओढीनं, जणू कुणी येऊन रात्रभर खडे बसवत होतं. पहिल्यांदा ज्यानं लिहिलं त्याला दाद द्यायला हवी. हजाराव्यानं लिहिलं की मी पान उलटते. तुम्ही निबंधात, शुभेच्छापत्रात वगैरे हे वापरणार असाल तर माझं ऐका, गवताला सोडून द्या.

स्पेलिंग. ब्रिटिश वळणात दोन एल, अमेरिकन वळणात एक. ‘ट्रॅव्हल्ड’चं होतं तसंच. शब्दाच्या शेवटच्या अवयवावर जोर नसेल तर अमेरिकन लोक ‘ईडी’ लावताना एल दुप्पट करत नाहीत, ब्रिटिश करतात. तो खड्यांचा खेळ 2001 सालचा, अमेरिकन कंपनीचा, म्हणून त्यात एक एल. आपल्याकडे शाळेपासून ब्रिटिश वळण शिकवतात, त्या हिशेबानं दोन हवेत. पण एक लिहिलात ती चूक नाही. फक्त एकाच मजकुरात इथं एक आणि तिथं दोन, असं करू नका. आणि ‘ज्वेलरी’ या शब्दातही हाच फरक आहे हे लक्षात असू द्या, कारण माणसं एका शब्दात ब्रिटिश आणि लगेच पुढच्यात अमेरिकन होतात. उच्चार करताना जोर ‘जू’वर द्या, बि-जू-अल्ड. शेवटी ‘लेड’ म्हणू नका.

वाक्यात तो नामाच्या आधी सर्वांत छान बसतो. नामानंतर आणायचा तर पुढे ‘विथ’ किंवा ‘इन’ लावून कशानं ते सांगा, माणकांनी, मोत्यांनी. ‘हेविली बिज्वेल्ड’ रूढ आहे. ‘थोडीशी बिज्वेल्ड’ असं लिहिलं तर विनोद होतो, कारण थोडेपणा या शब्दाला मुळातच मान्य नाही.

हे सगळं जाऊबाईंना वाचून दाखवू नका. रुसलेल्या माणसापुढे शब्दकोश उघडला की रुसवा वाढतो. त्यांना राग बिज्वेल्डचा आलेला नाही. चार माणसांत कुणीतरी आपल्या नटण्यावर बोललं, असं भाचीनं मनात भरवून दिलं त्याचा आलाय. त्यामुळे ‘अर्थ तसा नाहीच मुळी’ हा वाद जिंकून काही हाती लागणार नाही. त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा, “वहिनी, तुम्ही इतक्या सुरेख दिसत होतात की मराठीत काय लिहावं सुचेना, म्हणून इंग्रजीत लिहायला गेले आणि फसले.” हे खरंही आहे. एक माहिती मात्र जमलंच तर हसत हसत पुरवा. ‘ज्वेल’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहींच्या मते तो लॅटिनमधल्या आनंद या अर्थाच्या शब्दापासून निघाला, काहींच्या मते थट्टा-खेळ या अर्थाच्या ‘जोकस’पासून, ज्यातून ‘जोक’ आला. म्हणजे दागिन्याच्या पोटात आनंद तरी आहे किंवा थट्टा तरी. तुमच्या घरी सध्या नेमका तोच वाद चालू आहे.

मथळा बदलायचाच असेल तर ‘बिज्वेल्ड’च्या जागी ‘रेस्प्लेन्डन्ट’ घाला. त्यात तेज आहे आणि दागिन्यांचं नाव नाही, त्यामुळे दुकान काढायला जागा उरत नाही. ‘डेक्ड आउट’ मात्र नको, त्यात ‘नटूनथटून’चा सूर आहे आणि तो भाचीला लगेच सापडेल. पण मला विचाराल तर इंग्रजी पुसाच. ग्रुपवर सगळे मराठी वाचणारे आहेत. ‘वहिनी, काय दिसताय!’ एवढं लिहा. त्याचा दुसरा अर्थ लावायला कुणाची भाची आली तरी तिला जमायचं नाही.

आणि बिज्वेल्ड हा शब्द वाया जाऊ देऊ नका. त्या दिवशीच्या फोटोंत भाचीबाईंच्या सँडल कुठे दिसतायत का शोधा. वस्तू आहे, खडे चिकटवलेले आहेत, भरपूर आहेत, खरे असल्याचा दावा कुणी करत नाही, आणि बघणाऱ्याची नजर पायांवरून हटत नाही. दोन एल घालून निर्धास्त लिहा.